पिवळा धोत्रा : औषधी उपयोग, विषार आणि घरातील तेल

वाराणसीच्या शिंदे घाटापासून भोसले घाट, पंचगंगा, दुर्गा घाट व ब्रह्मा घाट येथपर्यंतच्या गल्ल्यांतून पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी कुटुंबे, तसेच महाराष्ट्रातून यात्रेसाठी येऊन महिना-पंधरा दिवस काशीत मुक्काम करणारे आप्त, यांच्यासाठी ही पत्रिका काढली आहे. दवाखान्यात आपली पाळी येईपर्यंत ती वाचावी व घरी घेऊन जावी. घरात स्वयंपाकाचे तेल जो कोणी आणतो, त्याने ती अवश्य वाचावी.

हिचा विषय एक साधे रानझाड आहे. नदीकाठचा गाळ, पडक्या भिंतीचा पायथा, रेल्वेच्या रुळांची कड, रब्बीच्या शेताचा बांध, कोठेही ते आपोआप उगवते. मराठीत त्याला पिवळा धोत्रा, काटे धोत्रा किंवा फिरंगी धोत्रा म्हणतात. काशीच्या आसपास त्याचे नाव भडभाड. हिंदी प्रदेशात सर्वत्र सत्यानाशी. शास्त्रीय नाव आर्जेमोने मेक्सिकाना. या झाडाविषयी दोन टोकांच्या समजुती प्रचलित आहेत. एक, की ते सर्व त्वचारोगांवर, काविळीवर व तापावर रामबाण आहे. दुसरी, की ते नुसते तण असून आपला त्याच्याशी काही संबंध नाही. दोन्ही समजुतींनी माणसे आजारी पडली आहेत, आणि दुसरीने पहिलीपेक्षा कितीतरी अधिक.

झाड कसे ओळखावे

हे हिवाळ्यात उगवणारे, एक ते तीन-चार फूट वाढणारे काटेरी झुडूप आहे. पाने निळसर हिरवी, त्यांच्या शिरांवर पांढरट पट्टे, कडा खोल कातरलेल्या व प्रत्येक टोकाला काटा. पानांना देठ नसतो. ती खोडाला बिलगलेली असतात. फूल झगझगीत पिवळे व नाजूक पाकळ्यांचे. खात्रीची खूण अशी की पान किंवा खोड मोडताच पिवळा चीक बाहेर येतो. फळ लांबट व काटेरी असते. वाळल्यावर ते टोकाकडून उकलते आणि आतून मोहरीएवढ्या काळ्या बिया शेकड्यांनी खाली सांडतात. पुढे जे काही सांगावयाचे आहे त्याचे मूळ या बियांत आहे.

गुरे हे झाड खात नाहीत. माळावरची इतर हिरवळ चरून संपते व हेच तेवढे उभे राहते, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडी ते फार दिसते.

नावामुळे एक घोटाळा होतो, तो येथेच दूर करू. श्रीशंकरास वाहतात तो धोत्रा वेगळा. त्याचे फूल मोठे, कर्ण्याच्या आकाराचे, पांढरे किंवा जांभळट असते. फळ गोल व काटेरी असते. त्यातून पिवळा चीक निघत नाही. तो वांग्या-बटाट्याच्या कुळातला आहे, तर पिवळा धोत्रा अफूच्या कुळातला. दोन्ही विषारी आहेत, पण विषाची तऱ्हा निराळी. पांढऱ्या धोत्र्याने तोंडाला कोरड पडते, बाहुल्या विस्फारतात, अंग तापते, माणूस बरळू लागतो, आणि हे सारे काही तासांतच दिसते. महाशिवरात्रीच्या सुमारास प्रसाद किंवा थंडाई म्हणून त्याच्या बिया पोटात गेल्याने असा प्रकार घडू शकतो. देवाला वाहिलेले फळ मुलांच्या हाती लागू देऊ नये, इतके येथे सांगणे पुरे. पिवळ्या धोत्र्याचे विष संथ आहे. ते दिवसांनी, आठवड्यांनी दिसते, आणि म्हणूनच त्याचा संशय कोणाला येत नाही.

औषधी म्हणून त्याची योग्यता किती

या झाडाला औषधी गुण नाहीत असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. गावोगावी त्याचा चीक गजकर्ण, नायटा, खरूज व मस यांवर लावतात. मुळीचा काढा देतात, दातदुखीवर बियांची धुरी घेतात, आणि पिवळा चीक म्हणून पिवळ्या आजारावर, म्हणजे काविळीवर, तो पाजतात. या शेवटच्या उपयोगामागे रंगाच्या साम्याखेरीज दुसरा आधार दिसत नाही. कावीळ झालेल्या माणसाचे यकृत आधीच दुखावलेले असते; अशा वेळी त्याच्या पोटात अनिश्चित मात्रेचे अल्कलॉइड घालणे हा उपचार नव्हे.

पुष्कळ जण आयुर्वेदातील स्वर्णक्षीरीचा दाखला देतात. स्वर्णक्षीरी म्हणजे सोन्यासारख्या चिकाची वनस्पती, आणि हे वर्णन पिवळ्या धोत्र्याला चपखल बसते, यात शंका नाही. परंतु पिवळा धोत्रा मूळचा अमेरिका खंडातला आहे. मेक्सिको हे नाव त्याच्या शास्त्रीय नावातच आहे. युरोपीय जहाजे अमेरिकेस जाऊ-येऊ लागण्यापूर्वी तो भारतात असणे शक्य नाही. फिरंगी धोत्रा हे आपले मराठी नाव तेच सांगते. तेव्हा प्राचीन संहितांमध्ये ज्या स्वर्णक्षीरीचे गुण वर्णिले आहेत ती हीच वनस्पती, असे मानता येत नाही. ती नेमकी कोणती, याविषयी जाणकारांत मतभेद आहेत. जुन्या ग्रंथातले गुण नव्या झाडाला चिकटवून कोणी चूर्ण विकत असेल, तर ग्रंथाचा मान राखूनही ते नाकारता येते.

आधुनिक संशोधनातही या झाडाला स्थान आहे. त्याच्या पानांत व खोडात बर्बेरिन, प्रोटोपिन, अ‍ॅलोक्रिप्टोपिन ही अल्कलॉइडे असतात. प्रयोगशाळेत ती काही जिवाणूंवर व हिवतापाच्या परजीवीवर परिणाम करताना आढळली आहेत. प्रयोगशाळेच्या पुढे जाऊन माणसांवर झालेला अभ्यास पश्चिम आफ्रिकेतील माली या देशातला आहे. तेथील एका ग्रामीण भागात या वनस्पतीचा पाण्यात उकळलेला काढा आणि हिवतापाची प्रचलित संयुक्त गोळी यांची तुलना ३०१ रुग्णांवर करण्यात आली, व २०१० साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काढा घेतलेल्यांपैकी ८९ टक्के रुग्णांना दुसऱ्या औषधाची गरज भासली नाही. गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण ९५ टक्के होते. पाच वर्षांखालील मुलांमध्ये आजार गंभीर होण्याचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, दोन टक्क्यांच्या आत होते.

एका रानझाडाच्या काढ्याने एवढे करावे ही लहान गोष्ट नव्हे, आणि ती मोकळ्या मनाने मान्य केली पाहिजे. पण तिचा अर्थ नीट लावला पाहिजे. तो काढा होता, बियांचे तेल नव्हते. मात्रा ठरलेली होती आणि रुग्ण वैद्यकीय देखरेखीखाली होते. ज्या प्रदेशात लहानपणापासून वरचेवर हिवताप होऊन शरीरात थोडी प्रतिकारशक्ती मुरलेली असते, तेथली ही माणसे होती. मुंबई-पुण्याहून आलेल्या यात्रेकरूला किंवा काशीत वाढलेल्या मुलाला ती असेलच असे नाही. शिवाय आपल्याकडे हिवतापाची रक्ततपासणी व औषधे शासकीय दवाखान्यांत विनामूल्य मिळतात, आणि कोणत्या जातीचा परजीवी आहे यावर औषध ठरते. ताप आला असता घाटाच्या पायऱ्यांवरून झाड उपटून आणून काढा करणे, म्हणजे हाताशी असलेले खात्रीचे औषध सोडून अनिश्चित औषधामागे जाणे होय.

चीक डोळ्यांत घालण्याची प्रथा काही ठिकाणी अजून आहे. आर्जेमोने हे नावच ग्रीक भाषेतील डोळ्यांतल्या पांढऱ्या डागाच्या शब्दावरून आले आहे. जुन्या काळी अशाच एका वनस्पतीचा रस त्यावर वापरीत. दैवाचा खेळ असा की या झाडाच्या तेलाने होणाऱ्या आजारात डोळ्यांतला दाब वाढून काचबिंदू होतो. चीक डोळ्यांत कदापि घालू नये. चुकून उडाल्यास स्वच्छ पाण्याने डोळा पुष्कळ वेळ धुवावा व नेत्रतज्ज्ञास दाखवावा. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता, लहान मुले व यकृत, मूत्रपिंड किंवा हृदय यांचे विकार असलेल्यांनी हे झाड कोणत्याही रूपात पोटात घेऊ नये. ज्यांना त्यावर आधारलेले औषध घ्यावयाचेच आहे, त्यांनी नोंदणीकृत वैद्याच्या चिठ्ठीवाचून ते घेऊ नये, आणि आपण घेत असलेल्या इतर गोळ्यांची कल्पना त्यांना द्यावी.

खरा धोका : मोहरीच्या तेलात मिसळलेले विष

औषध म्हणून हे झाड घेणारे थोडे. नकळत खाणारे मात्र कोणीही असू शकतात.

महाराष्ट्रातल्या घरांत शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल चालत आले. काशीत स्थायिक झाल्यावर मराठी स्वयंपाकघरात मोहरीचे तेल शिरले, आणि आता फोडणी, लोणचे, बाळंतिणीची व बाळाची मालीश, थंडीत गुडघ्यांना चोळणे, या सर्वांस तेच लागते. मोहरीचे तेल स्वतः वाईट नाही. प्रश्न आहे तो त्यात दुसरे काय आहे याचा.

पिवळ्या धोत्र्याच्या बिया मोहरीएवढ्या व मोहरीच्याच रंगाच्या असतात, आणि त्यांतही भरपूर तेल असते. कधी शेतातल्या तणाबरोबर त्या नकळत मोहरीत येतात, कधी फुकटात मिळणारे बी म्हणून कोणी जाणूनबुजून मिसळतो. तेल निघाल्यावर रंगावरून, वासावरून किंवा चवीवरून भेसळ ओळखता येत नाही. या तेलात सँग्विनारिन व डायहायड्रोसँग्विनारिन नावाची विषे असतात. ती शरीरातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या सैल करतात; त्यांतून पाणी व प्रथिने बाहेर झिरपतात आणि अंगावर सूज येते. हृदयाचे स्नायू दुबळे होतात. मोहरीच्या तेलात शेकडा एक भाग एवढीच भेसळ असली, तरी आजार झाल्याचे आढळले आहे.

या आजाराला साथीचा जलशोथ म्हणतात. डॉक्टर त्याला एपिडेमिक ड्रॉप्सी म्हणतील. त्याची पहिली नोंद कोलकात्यातली, १८७७ सालची. त्यानंतर अनेक वर्षे तो संसर्गाने होतो, की बेरीबेरीचा प्रकार आहे, की साठवलेल्या तांदळातल्या दोषाने होतो, यावर वाद चालले. साथ म्हटली की मनात जंतू येतात, आणि येथे तर एकाच घरातली माणसे एकामागून एक पडत. तेव्हा संसर्गाचा संशय स्वाभाविक होता. त्या घरांना जोडणारा धागा हवा किंवा पाणी नसून तेलाचा डबा आहे, हे १९२६ नंतर हळूहळू पुढे आले आणि १९३०च्या दशकाच्या अखेरीस पिवळ्या धोत्र्याच्या तेलावर दोष निश्चित झाला.

कारण कळले म्हणून आजार थांबला नाही. १९९८च्या पावसाळ्यात दिल्लीत याची मोठी साथ आली. सुमारे ३००० लोकांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले व ६०हून अधिक मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी केंद्र शासनाने खाद्यतेलाच्या वेष्टनासंबंधी आदेश काढला. सुटे खाद्यतेल विकण्यावर आज जी बंदी आहे, तिच्यामागे ती माणसे आहेत. ओळखीच्या दुकानदाराकडून पिंपातले तेल बाटलीत भरून घेताना आपल्याला ही बंदी जाचक वाटते. आपल्या ओळखीचा दुकानदार प्रामाणिक असेलही. पण पिंप त्याच्याकडे जेथून आले, तेथे आपली ओळख नसते.

दोन गैरसमज येथे दूर करावयाचे आहेत. तेल धूर निघेपर्यंत तापवले की त्यातला दोष जातो, असे म्हणतात. कच्च्या तेलाचा उग्र वास त्याने जातो हे खरे. धोत्र्याचे विष मात्र स्वयंपाकातल्या नित्याच्या आचेने नाहीसे होईल यावर विसंबू नये. दुसरा समज, की पोटात न घेता नुसते अंगाला लावले तर भीती नाही. भेसळीच्या तेलाने मालीश केल्याने, त्वचेवाटे विष शरीरात जाऊन हा आजार झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. नवजात बाळाच्या मालिशीसाठी म्हणून घाणीवरून खास सुटे तेल आणण्याची जी पद्धत आहे, तिचा या दृष्टीने पुन्हा विचार व्हावा.

काशीपुरती आणखी एक गोष्ट. कार्तिकात आकाशदीपांसाठी व देवदिवाळीला पणत्यांसाठी स्वस्त तेलाच्या बाटल्या घाटांवर व गल्ल्यांत विकल्या जातात. ते दिव्याचे तेल असते, खाण्यासाठी तयार केलेले नसते. पूजा संपल्यावर उरलेली बाटली स्वयंपाकघरात ठेवली की दोन आठवड्यांनी ती कशाची हे कोणाच्या लक्षात राहत नाही. दिव्याचे तेल देवघरातच राहू द्यावे, आणि बाटलीवर तसे ठळक लिहून ठेवावे.

मोहरी व तेल घेताना

तेल मोहोरबंद बाटलीतले किंवा पिशवीतलेच घ्यावे. वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, तुकडी क्रमांक, उत्पादनाची तारीख व अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक असतो. पावती घ्यावी, आणि तेल संपेपर्यंत वेष्टन टाकू नये. तक्रारीची वेळ आली तर तुकडी क्रमांकावाचून पुढे जाता येत नाही.

काही घरांत अजूनही मोहरी विकत आणून घाणीवर तेल काढून घेतात. हा मार्ग चांगला आहे, पण मोहरी आपण पाहिलेली असली तरच. मूठभर मोहरी पांढऱ्या ताटलीत पसरावी व भिंगाने पाहावी; आजोबांचे वाचनाचे भिंग पुरते. मोहरीचा दाणा गुळगुळीत असतो. धोत्र्याचे बी अधिक काळे, खडबडीत, जाळीदार खाचांचे दिसते. संशय आला तर दाणा नखाखाली किंवा चमच्याने चिरडावा: मोहरी आतून पिवळी निघते, धोत्र्याचे बी पांढरे. फोडणीसाठी आणलेल्या मोहरीचीही अशीच परीक्षा करावी. यात धोत्र्याचे बी आढळले तर तेवढे वेचून बाकीची वापरू नये. मूठभरात एक सापडले तर पोत्यात किती असतील, याचा हिशेब होत नाही.

तेलाची घरी करता येईल अशी निर्धोक परीक्षा नाही. नायट्रिक आम्ल घालून रंग पाहण्याची एक कसोटी आहे व मोबाईलवर तिच्या चित्रफिती फिरतात. ते आम्ल कातडी व डोळे जाळते, आणि थोडी भेसळ त्या कसोटीतून निसटूही शकते. ती प्रयोगशाळेवर सोपवावी. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ याच्या कलम ४० अन्वये, विकत घेतलेला कोणताही खाद्यपदार्थ शुल्क भरून तपासून घेण्याचा अधिकार सामान्य ग्राहकाला आहे. पदार्थ दोषी ठरल्यास शुल्क परत मिळते. हा अधिकार फार थोड्यांना माहीत आहे आणि त्याहून थोडे तो वापरतात. तक्रारीसाठी प्राधिकरणाचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १८००-११२-१०० असा आहे. असुरक्षित अन्नामुळे मृत्यू झाल्यास याच अधिनियमात किमान सात वर्षे व कमाल जन्मठेपेच्या कारावासाची तरतूद आहे.

आजार कसा दिसतो

समजा, घरात आजी, आई-वडील, दोन मुले व अंगावर पिणारे बाळ आहे. महिन्याच्या सुरुवातीला नवे तेल आले. काही दिवसांनी आईला व मोठ्या मुलाला जुलाब व मळमळ सुरू झाली. पावसाळा आहे, पाणी बाधले असे सर्वांनी मानले. आठवडाभराने आजीच्या पायांवर सूज आली. आजीचे वय झाले आहे, घाटाच्या पायऱ्या चढ-उतर करून पाय सुजतातच, असे ठरले. मग आईचे पाय सुजले, वडिलांना जिना चढताना धाप लागू लागली. बाळ मात्र ठणठणीत. प्रत्येक तक्रारीला वेगळे व पटण्याजोगे कारण मिळत गेले, म्हणून कोणी त्या एकत्र मांडल्या नाहीत.

त्या एकत्र मांडल्या म्हणजे आजार ओळखू येतो. एकाच चुलीवर जेवणारी दोन किंवा अधिक माणसे, थोड्या दिवसांच्या अंतराने, दोन्ही पायांवर सूज घेऊन आजारी पडणे ही त्याची मुख्य खूण आहे. सूज दाबली असता खड्डा पडतो. पाय लालसर, गरम व दाबल्यास दुखरे असतात. सुजेआधी बहुधा जुलाब किंवा उलट्या होऊन गेलेल्या असतात. पुढे छाती धडधडते, थोड्या श्रमाने दम लागतो, रात्री आडवे झाल्यावर श्वास कोंडतो. क्वचित त्वचेवर बारीक लाल गाठी येतात व त्यांतून रक्त येते. नजर धूसर होणे, दिव्याभोवती रंगीत कडी दिसणे ही डोळ्यांतला दाब वाढल्याची लक्षणे आहेत. अंगावर पिणारी बाळे सहसा यातून सुटतात. डॉक्टरांच्या दृष्टीने हीदेखील एक खूण असते.

प्रत्येक सूज धोत्र्याची नसते. हृदय, मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड यांचे विकार, रक्तदाबाच्या काही गोळ्या, यांनीही पाय सुजतात. पूर्व उत्तर प्रदेशात हत्तीरोग आहे. त्यात बहुधा एकच पाय सुजतो व सूज टणक होत जाते. निवाडा डॉक्टरांनी करावयाचा आहे. आपण करावयाचे एवढेच, की घरात आणखी कोणाला काय होते आहे हे त्यांना न विचारता सांगावे. एकटी आजी दाखवायला नेली व घरातल्या इतरांविषयी कोणी बोलले नाही, तर चांगल्या डॉक्टरांचाही तर्क हृदयाकडे किंवा मूत्रपिंडाकडे जाईल.

संशय आल्यास

सर्वप्रथम ते तेल, आणि त्या तेलातले लोणचे, फरसाण व तळलेले पदार्थ, खाणे थांबवावे. मालीशही थांबवावी. यापलीकडे या विषावर उतारा नाही. विष आत जाणे बंद होणे हाच उपचाराचा पाया आहे. रुग्णाने विश्रांती घ्यावी, पाय उशीवर उंच ठेवावे. सूज उतरवण्याच्या गोळ्या आपल्या मनाने, किंवा शेजारी कोणाकडे उरलेल्या आहेत म्हणून, देऊ नयेत. त्यांनी शरीरातले क्षार बिघडू शकतात, आणि जुलाब आधीच झालेले असतील तर अधिकच. उपाशी ठेवण्याची रीतही चुकीची आहे. डाळ, दूध, अंडी चालत असतील तर अंडी, असा प्रथिनयुक्त आहार डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावा.

धाप लागत असेल, छाती धडधडत असेल, आडवे पडता येत नसेल, तर सकाळची वाट पाहू नये. या आजारात मृत्यू होतो तो बहुतेक वेळा हृदय थकल्याने. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शिंदे घाटाच्या बाजूच्या गल्ल्यांत गाडी येत नाही हे येथल्या सर्वांस ठाऊक आहे. म्हणून रुग्णाला चालवू न देता खुर्चीत बसवून, दोघांनी उचलून, गाडीच्या रस्त्यापर्यंत आणावे. कबीरचौरा येथील शिवप्रसाद गुप्त मंडलीय जिल्हा रुग्णालय जवळ पडते. मोठ्या उपचारांसाठी काशी हिंदू विश्वविद्यालयाचे सर सुंदरलाल रुग्णालय आहे.

निघताना तेलाची बाटली किंवा पिशवी, त्यात थोडेसेच तेल उरलेले असले तरी, सोबत न्यावी. ती धुऊ नये, दुसऱ्या भांड्यात ओतू नये. दुकानदाराकडे परत करण्याची घाईही करू नये. रागाच्या भरात असे घडते व पुरावा हातचा जातो. त्याच तुकडीचे तेल शेजारीपाजारी कोणी घेतले असल्यास त्यांना त्याच दिवशी सांगावे, आणि घरी जेवून गेलेले यात्रेकरू पाहुणे आपल्या गावी परतले असतील तर त्यांनाही कळवावे. पुण्यात किंवा नागपुरात त्यांचे पाय सुजले, तर तेथला डॉक्टर मोहरीच्या तेलाचा विचार सहजासहजी करणार नाही.

तेल बंद केल्यावर सूज उतरायला काही आठवडे लागतात, कधी महिनेही. सूज गेली म्हणजे सर्व झाले असे धरू नये. डोळ्यांतला दाब काही लक्षण नसतानाही वाढलेला असू शकतो व दृष्टी कायमची घटवू शकतो. म्हणून बरे झालेल्या प्रत्येकाने, मुलांसुद्धा, नेत्रविभागात डोळ्यांचा दाब एकदा मोजून घ्यावा आणि पुढे केव्हा यावे हे तेथेच विचारून कागदावर लिहून आणावे.